पाच व्होल्टांचा संसार

मीरा रोड-भाईंदरच्या आमच्या इमारतींमध्ये विजेच्या जागा ठरलेल्या होत्या. हॉलमध्ये दाराजवळ एक बोर्ड, त्यावर टीव्हीपुरता एक प्लग. ओट्याच्या वर मिक्सरसाठी एक, फ्रिजमागे पंधरा अँपिअरचा एक जाडजूड, आणि आतल्या खोलीत एक. वनरूम-किचन असेल तर तोही नाही. शांतीनगर असो, नवघर रोड असो की पश्चिमेकडची जुनी वस्ती, बिल्डरने दिलं तेवढ्यात भागवायचं. भिंत फोडून नवा पॉइंट काढायचा म्हटलं की वायरमन, प्लास्टर, रंग असं काम लांबत जायचं. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून इकडे आलेल्या माणसांना स्वतःच्या घरातला नळ आणि स्वतःचा संडास याचंच इतकं अप्रूप होतं की प्लग मोजायला कोण बसणार!

१९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत इथली वस्ती पाच लाखांवर होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. त्या वर्षांत ज्यांनी इथे संसार मांडले, मुलं वाढवली, सकाळची लोकल पकडून चर्चगेट गाठलं आणि रात्री भाजी निवडत निवडत परत आले, त्या सगळ्यांच्या घरात थोड्याफार फरकाने यूएसबीवर चालणाऱ्या त्याच त्या छोट्या वस्तू येऊन गेल्या.

वीज ही आमच्या लहानपणी भीतीची गोष्ट होती. फ्यूज उडाला की बाबा लाकडी स्टुलावर चढायचे, पायात रबरी चप्पल, दातांत टेस्टर. खाली आम्ही टॉर्च धरून उभे. ओल्या हाताने बटण दाबायचं नाही. इस्त्रीची पिन मोठ्यांनीच लावायची. आजीला तर पंख्याचं रेग्युलेटर फिरवायचीसुद्धा धास्ती. लग्न होऊन मी भाईंदरला आले तेव्हा सासरीही तीच रीत होती. बायकांनी आणि मुलांनी बोर्डापासून दूर राहायचं. या घरांत विजेला सगळ्यांनी मोकळेपणाने हात लावला तो यूएसबी आल्यावर, आणि माझ्या लेखी या छोट्या छोट्या वस्तूंचं खरं मोल तेच आहे.

कॉम्प्युटर घरात आला तो २००० च्या आगेमागे. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क असं एकेक निवडून जोडून घेतलेला. पत्नीचं कर्ज, पतीचा बोनस, आजोबांच्या फंडातले थोडे असे पैसे जमवून. मुलं शाळेत होती, आणि एमकेसीएलचा एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू झाल्यावर सरकारी नोकरीतल्या मोठ्या माणसांनाही तो कोर्स करावाच लागला. संध्याकाळी क्लासहून आलेले वडील आणि दहावीतली मुलगी एकाच खुर्चीसाठी थांबलेत, हे दृश्य त्या वर्षांत बहुतेक घरांत होतं.

त्या डब्याच्या मागे भोकंच भोकं. जांभळं गोल कीबोर्डचं, हिरवं गोल माउसचं, पंचवीस पिनांचं लांबलचक प्रिंटरचं. त्यांच्या बाजूला यूएसबीची दोन चपटी, चौकोनी. त्यांत काय घालायचं ते जोडून देणाऱ्यानेही धड सांगितलं नव्हतं. मग एक दिवस ऑफिसातून कोणीतरी पेन ड्राइव्ह आणला. फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे आणि हा १२८ एमबीचा, म्हणजे जवळजवळ नव्वद फ्लॉप्या अंगठ्याएवढ्या काडीत! विंडोज ९८ असेल तर आधी त्याच्या सोबतच्या सीडीवरून ड्रायव्हर घालावा लागायचा. एक्सपी आल्यावर तेही गेलं. लावला की कॉम्प्युटर 'टुडुंग' करायचा आणि कोपऱ्यात फुगा यायचा. काढताना आधी 'सेफली रिमूव्ह' करायचं, नाहीतर फाइल जाते, हा नियम घरातल्या लहान मुलांनी मोठ्यांना शिकवला आणि मोठ्यांनी तो मुकाट्याने पाळला. लोकलमध्ये गळ्यात पेन ड्राइव्हची दोरी घालून जाणारे कितीतरी जण दिसायचे. ओळखपत्राइतक्याच मानाने मिरवायचे.

हे चपटं भोक ज्यांनी कल्पिलं त्यांत एक आपल्या शेजारच्या बडोद्याचा माणूस होता, हे आम्हांला फार उशिरा कळलं. अजय भट्ट. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, पुढे अमेरिकेत इंटेलमध्ये. त्यांच्या चमूने आणि कॉम्पॅक, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी अशा कंपन्यांनी मिळून १९९६ च्या जानेवारीत पहिलं मानक काढलं. वेगवेगळी भोकं नकोत, सगळ्याला एकच हवं, एवढी साधी मागणी होती. पिन एका बाजूनेच का जाते, आपण ती उलटी का घालतो, याचंही उत्तर भट्टांनी देऊन ठेवलंय: दोन्ही बाजूंनी जाणारी केली असती तर तारा आणि सर्किट वाढून खर्च जवळजवळ दुप्पट झाला असता, आणि महाग झालं असतं तर कोणी घेतलंच नसतं. कॉम्प्युटरच्या मागे हात घालून, अंदाजाने, एकदा अशी एकदा तशी करत पिन बसवणाऱ्या आमच्या सगळ्यांच्या बोटांना ते कारण पटण्यासारखं आहे. त्या स्वस्ताईमुळेच ही पिन भाईंदर स्टेशनबाहेरच्या टोपलीपर्यंत पोहोचली.

माझ्या मुलाने आठवीत असताना एक बिघडलेली केबल ब्लेडने सोलली होती. आत चारच तारा: लाल, काळी, हिरवी, पांढरी. लाल आणि काळीतून वीज, हिरव्या-पांढऱ्यातून माहिती. वीज पाच व्होल्टांची. भिंतीतल्या प्लगमध्ये दोनशे तीस, इथे पाच. त्या दोन तारांची टोकं त्याने माझ्या तळहातावर टेकवली आणि म्हणाला, "आई, बघ, काहीच होत नाही." मी हात मागे घेतला होता खरा, पण त्याने धरून ठेवला. काहीच झालं नाही. जुन्या यूएसबीतून जास्तीत जास्त अर्धा अँपिअर, म्हणजे एकूण अडीच वॅट. छतावरचा साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो. त्याच्या शेजारी हे अडीच वॅट अगदी नगण्य, पण ते कोणाच्याही हातात देता येत होते. आजीच्याही, सात वर्षांच्या पोराच्याही. आणि कोणी हावरटपणा करून एकाच हबवर चार वस्तू लावल्याच तर 'पॉवर सर्ज ऑन हब पोर्ट' असं लिहून कॉम्प्युटर तो पोर्टच बंद करायचा. फ्यूज नाही, ठिणगी नाही, जळका वास नाही.

सगळ्यात आधी, आणि सगळ्यात प्रेमाने, घराने स्वीकारला तो दिवा. गूजनेक म्हणायचे दुकानदार. एका टोकाला पिन, मधे वीतभर लवचिक धातूची नळी, दुसऱ्या टोकाला एक किंवा तीन पांढरे एलईडी. वाकवाल तिथे थांबायचा. मूळ तो लॅपटॉपच्या कीबोर्डवर उजेड पाडायला केलेला. आमच्याकडे लॅपटॉप कुठला! पण एका खोलीत पाच माणसं झोपणार, त्यांतल्या एकाची परीक्षा, ही अडचण मात्र घरोघरी होती. ट्यूबलाइट चालू ठेवली तर सकाळी सहाची भाईंदर लोकल पकडणाऱ्याची झोप मोडते, बंद केली तर अभ्यास बुडतो. कॉम्प्युटर चालू, मॉनिटर बंद, आणि हबला लावलेला हा दिवा वहीवर वाकवलेला. उजेड वहीपुरता. आमच्या आसपासच्या इमारतींत दहावी-बारावीचे किती निकाल त्या वीतभर उजेडात लागले असतील, त्याची नोंद कुठे नाही. आम्हांला मात्र घरं माहीत आहेत.

हा दिवा शक्य झाला तो पांढऱ्या एलईडीमुळे, आणि पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्यामुळे. १९९० च्या दशकात जपानमध्ये झगझगीत निळा एलईडी तयार झाला, त्यावर पिवळा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. त्याबद्दल २०१४ मध्ये आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. पाच व्होल्ट मिळाले आणि मधे एक छोटा रेझिस्टर घातला की झालं. दिव्याच्या आत एवढंच असतं, म्हणून तो वीस-पंचवीस रुपयांत यायचा आणि वर्षानुवर्षं चालायचा.

सासूबाईंनी तो आपलासा केला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना वरून पडणारा उजेड टोचायचा, आणि पोथीचं पान खालून उजळलेलं हवं असायचं. पहाटे उठून, कोणालाही न उठवता, त्या स्वतः पिन लावायच्या. ज्या बाईने आयुष्यात इस्त्रीची पिन बोर्डात घातली नव्हती, ती. पुढे नणंदेकडे न्यू जर्सीला जाताना त्यांनी तो दिवा बॅगेत टाकला. तिकडे वीज एकशेवीस व्होल्टांची, भोकं वेगळ्याच आकाराची, आपले चार्जर अॅडॉप्टरशिवाय बसत नाहीत. दिवा मात्र लेकीच्या लॅपटॉपला लावल्याबरोबर लागला. फोनवर त्यांनी हीच बातमी आधी सांगितली, नातवाची नंतर.

फोन म्हणजे खरं तर वेबकॅम. मॉनिटरवर चिमट्याने बसवायचा, भिंगाभोवती सहा बारीक बल्ब, काहींना बाजूला लटकणारा माइक. आयबॉल, इंटेक्स, फ्रंटेक ही नावं तेव्हा तांदळाच्या ब्रँडइतकी तोंडात होती. रविवारी सकाळी नऊ म्हणजे तिकडे शनिवारची रात्र. आंघोळी आटोपून, आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर. चित्र अडखळत यायचं, आवाज आधी आणि ओठ मागून हलायचे, तरी शेजारच्या काकूसुद्धा "जरा मला पण दिसू दे गं" म्हणत आत यायच्या. मुलं परदेशी गेलेली कितीतरी घरं इथे होती. त्या घरांतल्या आयांनी माउस हातात धरला तो या कॅमेऱ्यासाठी.

घरात इंटरनेट यायला वेळ लागला तिथे डोंगल आला. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट, बोटभर लांबीची काडी, आत मोबाइलचं सिम किंवा तसंच काही. सिग्नल मिळायचा तो खिडकीत. म्हणून यूएसबीची लांब केबल घेऊन डोंगल ग्रिलला टांगायचा. पाच मीटरच्या पुढे ती केबल चालत नाही, हेही तेव्हाच कळलं. कोणीतरी सांगितलं की खोलगट स्टीलच्या भांड्यात मधोमध ठेवला तर लहरी परावर्तित होऊन रेंज वाढते. आता भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गल्लोगल्ली, घरात भांड्यांना काय तोटा! पिठाची चाळण, खोल वाडगा, जुनी कढई, सगळं करून झालं. एखादी दांडी वाढायची. माझं मत, भांड्यापेक्षा खिडकीनेच जास्त काम केलं. पण ग्रिलच्या कुंडीच्या जागेत स्टीलचा वाडगा आणि त्यात तिरका ठेवलेला डोंगल, रात्री हिरवा लुकलुकणारा, हे आमच्या विंगच्या तीन-चार खिडक्यांत दिसायचं. भरती-ओहोटीचा खारा वारा खाऊन त्या पिनांवर हिरवट गंज चढायचा. मग खोडरबराने पुसायचं आणि पुन्हा लावायचं.

काही वस्तू पोटापाण्याच्या. खालच्या मजल्यावरचे काका घरून डीटीपीची कामं करायचे: लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, मंडळाच्या पावत्या. त्यांच्याकडे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी होतं. त्या सॉफ्टवेअरबरोबर एक 'लॉक' यायचं. आधी ते प्रिंटरच्या लांब भोकात बसायचं, पुढे यूएसबीचं आलं. ते लावलेलं नसेल तर श्रीलिपी उघडतच नाही. काका रात्री काम संपलं की लॉक काढून गोदरेजच्या कपाटात ठेवायचे, दागिन्यांच्या डब्याशेजारी, आणि ते योग्यच होतं. घर त्यावर चालत होतं. सीए आणि कंपनी सेक्रेटरी झालेल्या मुलांकडे असंच एक टोकन असायचं, डिजिटल सहीचं. कंपन्यांचे कागद २००६ पासून ऑनलाइन भरायला लागले तेव्हापासून. अंगठ्याएवढ्या काडीत माणसाची सही.

गमतीच्या वस्तू आल्या त्या ऑफिसातून. दिवाळीत पूर्वी सुक्या मेव्याची खोकी यायची, आता त्यांच्या जोडीला चार पोर्टांचा हब, माणसाच्या आकाराचा, हातापायांत पोर्ट असलेला. कीबोर्डची धूळ ओढणारा चिमुकला व्हॅक्यूम. मऊ पात्यांचा पंखा, बोट लागलं तरी न कापणारा. आणि कप गरम ठेवायची थाळी. फोर्टच्या आमच्या ऑफिसात चहा यायचा तेव्हा नेमका साहेबांचा बोलावा यायचा, म्हणून त्या थाळीवर सगळ्यांचा डोळा. लावली, कप ठेवला, चहा तरी गारच. मुलाने रात्री कागदावर हिशेब मांडून दाखवला: दीडशे मिलिलिटर चहा एक अंश तापवायला सुमारे सव्वासहाशे ज्यूल लागतात, आणि अडीच वॅटमध्ये एका सेकंदाला मिळतात अडीच ज्यूल. म्हणजे काहीही वाया न जाता एका अंशाला चार मिनिटांहून जास्त. चहा त्याहून वेगाने निवतो. थाळी निवण्याचा वेग थोडा कमी करते, एवढंच. एका डब्याचा यूएसबी फ्रिजही मिळायचा, त्याचंही हेच गणित. उष्णतेचं काम या पाच व्होल्टांचं नव्हे. उजेड, वारा, आवाज आणि माहिती ही त्यांची कामं. बाजारातली कुठली वस्तू घ्यावी आणि कुठली सोडावी, हे त्या एका कागदावरून घराला कायमचं समजलं. व्हॅक्यूमही त्याच वेळी बाद झाला. साधा रंगाचा ब्रश कीबोर्ड अधिक चांगला साफ करतो.

मऊ पात्यांचा पंखा मात्र मी ओट्यावर आणला. गॅसजवळ छताचा पंखा लावता येत नाही, ज्योत विझते. चपात्या लाटताना मानेवरून घाम ओघळतो, हे स्वयंपाकघरात उभं राहिलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. ज्योतीकडे पाठ करून, तोंडाच्या उंचीला, डब्यांच्या फळीवर ठेवलेला तो पंखा. मोबाइलच्या चार्जरवर चालणारा. त्याच्या वाऱ्याने ज्योत हलत नाही आणि कपाळ वाळतं. महागड्या चिमणीने जे सुख दिलं नाही ते याने दिलं, असं मी आजही सांगेन. आणि त्याच फळीवर पेन ड्राइव्ह लावायचा लहानसा स्पीकर. स्टेशनजवळच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला की गाणी भरून मिळायची. सासूबाईंच्या पेन ड्राइव्हवर बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, सासऱ्यांच्यावर नाट्यसंगीत, मुलाच्यावर काय होतं ते त्यालाच ठाऊक. ज्याला जे हवं ते त्याने लावावं, टेपरेकॉर्डरवरून भांडणं नाहीत.

पॉवर बँक येईपर्यंत या सगळ्याला कॉम्प्युटर किंवा भिंतीतला प्लग लागायचा. २६ जुलै २००५ च्या पुरात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री, रुळांवरून चालत निघालेल्या आमच्या माणसांचे फोन एकेक करून मेले होते. घरी बसलेल्यांना त्यांचा ठावठिकाणा लागत नव्हता. नोकियाची बारीक पिन, सोनी एरिक्सनची रुंद, सॅमसंगची तिसरीच. कोणाचा चार्जर कोणाला चालत नव्हता, आणि चालला असता तरी वीज कुठे होती! पुढे जगभर बहुतेक फोनांनी मायक्रो यूएसबी घेतली आणि तो तिढा सुटला. मग लोकलच्या लेडीज डब्यात टिकल्या, क्लिपा, सेफ्टी पिनांच्या जोडीने केबली विकायला आल्या. "चार्जर, केबल, हेडफोन" अशी हाक मीरा रोड सुटलं की यायची. पर्सच्या आतल्या कप्प्यात रुमालाशेजारी पॉवर बँक बसली. तिच्यावर दहा हजार लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टांच्या सेलचं. पाच व्होल्टांना चढवून, थोडी वीज वाया जाऊन, हाती सहा-साडेसहा हजार येतात. फोन तीनदा भरेल म्हणून घेतली आणि दोनदाच भरला, तर ती खोटीच असते असं नाही.

भाईंदरला वीज पहिल्यापासून मुंबईच्या उपनगरांबरोबरची, आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी. राज्यभर भारनियमन चालू होतं त्या वर्षांत खाडीपलीकडे अंधार आणि अलीकडे उजेड, असं पुलावरून लोकल जाताना स्पष्ट दिसायचं. नायगाव-वसईचे नातेवाईक शनिवारी आले की चपला काढायच्या आधी फोन चार्जिंगला लावायचे. आम्हीही गणपतीला कोकणात निघालो की पॉवर बँका भरून, दिवे बांधून न्यायचो. गावी माळ्यावर, गोठ्यात, विहिरीच्या वाटेवर. चुलत्यांनी तो गूजनेक दिवा ठेवूनच घेतला.

गणपतीचं मखर हा तर स्वतंत्र विषय. थर्माकोल, कापूस, जिलेटिन पेपर, आणि त्यातून फिरवलेल्या दोनशे तीस व्होल्टांच्या तोरणाच्या माळा. वायर सोललेली, सेलोटेप लावलेला, समोर निरांजन. आई दहा दिवस "हात लावू नका" म्हणत उभी असायची. यूएसबीची एलईडी पट्टी मिळायला लागल्यावर हे बदललं. पट्टीच्या मागे चिकट कागद, कात्रीची खूण असेल तिथे कापायची, मखराच्या कडेने आतून चिकटवायची, टोकाची पिन पॉवर बँकेत. पॉवर बँक पाटाखाली. भिंतीपासून एकही वायर नाही, त्यामुळे मखर खिडकीत न ठेवता खोलीच्या मधोमध ठेवता आलं, आणि आरतीला सगळे बाजूने उभे राहू लागले. मुलांनी हात लावला तरी कोणी ओरडेना. सजावट पूर्ण मुलांच्या हाती गेली ती तेव्हापासून. आमच्या विंगमध्ये पाच दिवसांच्या गणपतीला दोन पॉवर बँका आळीपाळीने लावायची पद्धत पडली. एक देवाकडे, एक चार्जिंगला.

२०२० च्या मार्चनंतर तर सगळं घरच यूएसबीवर आलं. पलंगावर एक ऑफिस, ओट्यावर एक शाळा, बाल्कनीत कॉलेज. हेडफोन, वेबकॅम, गोल रिंग लाइट. शिकवण्या घेणाऱ्या बायकांनी रिंग लाइटच्या मधोमध फोन अडकवून गणितं शिकवली. फळ्यावर चमक येते म्हणून तो तिरका कसा ठेवायचा, हे एकमेकींना फोनवर सांगितलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई आणि आसपासची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी आमच्या मजल्यावर एक वस्तू हातोहात फिरली. पाच व्होल्टांचे बारा व्होल्ट करणारी केबल, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला राउटरची गोल पिन. पॉवर बँकेवर राउटर चालू. आमच्या केबलवाल्याकडे बॅटरी होती, त्यामुळे नेट आलं. दोन घरांचे तास, एका मुलाची चाचणी आणि समोरच्या काकांच्या डॉक्टरांशी बोलणं, सगळं त्यावर झालं. केबल जिची होती त्या मुलीने ती ऑनलाइन मागवली तेव्हा घरचे तिला "कशाला हवंय" म्हणाले होते. दुसऱ्याच आठवड्यात विंगमध्ये अशा सहा-सात आल्या.

आता सी-टाइप आलंय. २०१४ मध्ये त्याचं मानक ठरलं, दोन्ही बाजूंनी जाणारं, अजय भट्टांना तेव्हा परवडलं नव्हतं ते. त्यातून २०२१ च्या मानकाप्रमाणे दोनशे चाळीस वॅटपर्यंत वीज जाऊ शकते, व्होल्ट अठ्ठेचाळीसपर्यंत चढतात. तरी सुरुवात पाचपासूनच होते. वस्तू आणि चार्जर आधी एकमेकांना विचारतात, जमलं तरच व्होल्ट वाढतात. मुलाचा लॅपटॉप, माझा फोन, सासऱ्यांच्या कानातलं यंत्र, मच्छर मारायची रॅकेट, सगळं एका केबलवर. मिठागरं आणि खाडी शेजारी असलेल्या गावात रॅकेटचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण त्यापायी चांगल्या वस्तू फेकल्या जाताना मी पाहते. स्वस्तातल्या पंख्यांना, टॉर्चना, रॅकेटींना सी-टाइपचं भोक असतं, पण आत लागणारे दोन छोटे रेझिस्टर बनवणाऱ्याने वाचवलेले असतात. मग दोन्ही बाजूंना सी असलेल्या नव्या केबलने त्या चार्जच होत नाहीत, कारण नव्या चार्जरने विचारलेल्या प्रश्नाला त्यांच्याकडून उत्तरच येत नाही. जुन्या चपट्या भोकाचा चार्जर काही विचारत नाही, सरळ पाच व्होल्ट देतो. म्हणून ते चार्जर भंगारवाल्याला देऊ नयेत, प्रत्येक घरात दोन तरी ठेवावेत. आमच्या विंगमध्ये आता कोणी "नवा पंखा बिघडलेला निघाला" म्हणत परत करायला निघालं की आधी आमच्याकडचा जुना चार्जर मागायला येतात, आणि बहुतेक वेळा पंखा तिथेच दारात फिरायला लागतो.